हौसेचं मोल

16 डिसेंबर 2021 ची दुपार. मी गच्चीच्या ज्या एका कोपऱ्यात रेंज येते तिथं खुर्ची टाकून ऑफिसचं काम करत होतो, आणि तात्या जिना चढून धापा टाकत वर आला. सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रात बैलगाडी शर्यतींना परवानगी दिल्याची बातमी त्याच्या फोनवर पंधरा ग्रुपवरून आली होती. त्याचा त्यावर विश्वास नव्हता. "ग्रुपवर कायबी येतंय. तू काँप्युटरवर बघ," म्हणाला. मी बघितलं, वाचून दाखवलं. त्यानं परत वाचायला लावलं.

"म्हंजे आता पळवता येत्यात?"

"येतात. पण अटी आहेत."

"असूद्यात. अटी तर लग्नालाबी असत्यात."

खाली अंगणात काकी ज्वारी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही, पण सुपातला हात थांबला होता.

आमचं गाव माण तालुक्याच्या टोकाला आहे. शेत सातारा जिल्ह्यात. पण आठवड्याचा बाजार, सोनार, डॉक्टर सगळं आटपाडीला, म्हणजे सांगली जिल्ह्यात. इंजिनिअरिंगही मी सांगलीत केलं. पुण्यात नोकरी लागली, आणि मार्च 2020 मध्ये लॅपटॉप घेऊन गावी आलो तो दोन वर्षं गावीच राहिलो. तात्या माझा धाकटा चुलता, एसटीत चालक. त्या हिवाळ्यात राज्यभर एसटीचा संप चालू होता, म्हणून तोही घरीच. एरवी आम्ही दोघं सणासुदीलाच भेटायचो. त्या वर्षी रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसत होतो. तात्याबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं तेव्हा कळलं.

तात्या दोन्हीकडं ड्रायव्हर. एसटीत पगारी, मैदानात हौशी. आमच्या भागात शर्यतीला 'मैदान' म्हणतात आणि छकडा हाकणाऱ्याला 'ड्रायव्हर'. नावाजलेले ड्रायव्हर दुसऱ्याच्या बैलांवर बसतात, त्याचे पैसे घेतात, बक्षिसात वाटा घेतात. तात्यानं पंचवीस वर्षांत कुणाकडून एक रुपया घेतला नाही. नारळ आणि फेटा, बस्स. कुणी जबरदस्तीनं खिशात नोट कोंबलीच, तर तो ती बैल धरणाऱ्या पोरांना देऊन टाकायचा.

ही हौस आली कुठून, तर शिकारीतून, असं घरातले सगळे सांगतात. माझे पणजोबा संस्थानी काळात हाकाऱ्यांच्या टोळीत होते. आजोबा, म्हणजे आप्पा, शिकारीच. ठासणीची बंदूक होती, पण खरा जीव कुत्र्यांवर. लांब तोंडाची, फासळ्या दिसणारी कारवानी कुत्री. 2005 मध्ये टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं, तेव्हा आप्पांनी ते कुणाकडून तरी मिळवून देव्हाऱ्यातल्या देवांच्या फोटोशेजारी चिकटवलं होतं. माणदेशातल्या उघड्या माळावर ससा उठला की ही कुत्री वाऱ्यासारखी जायची आणि त्यांच्या मागं आप्पा, अनवाणी.

आप्पांच्या शिकारीला नियम होते. पोटात पिल्लं असलेल्या मादीवर कुत्रं सोडायचं नाही. ससा ओढ्यापलीकडं गेला की सुटला, माग काढत बसायचं नाही. आणि वाटे करायचे ते गावात चूल पेटली नसेल त्या घरापासून. हे मी ऐकलेलं सांगतोय. नियम किती पाळले जायचे ते सांगायला आता ना आप्पा आहेत ना ससे.

मग 1972 साल आलं. आमच्याकडं 'बहात्तर' एवढं म्हटलं तरी पुरतं. दुष्काळ, खडी फोडायची कामं, लाल मिलो, सुकडी. आप्पांनी चार कुत्र्यांपैकी तीन त्या वर्षी गमावली. माणसालाच खायला नव्हतं. त्याच साली तात्याचा जन्म झाला आणि त्याच साली संसदेनं वन्यजीव संरक्षण कायदा केला. त्या कायद्याची आमच्या माळावर कुणाला गंधवार्ताही नव्हती. पुढं 1991 च्या दुरुस्तीनं परवान्याच्या शिकारीची वाटही बंद झाली, वनखात्याची जीप माळावर दिसू लागली, आणि आप्पांनी बंदूक जमा केली. तात्या तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. लहानपणापासून तो आप्पांच्या मागं पळाला होता आणि आता पळायला पुढं काही नव्हतं.

त्यानं बैल धरला.

शर्यत न बघितलेल्यांसाठी सांगतो. पुणे जिल्ह्यात घाटात चढावर गाडे पळतात, वेळ मोजतात. आमच्याकडं तसं नाही. सपाट माळावर शेजारी शेजारी सरळ पट्ट्या आखतात, त्यांना फाटी म्हणतात. एकेका फाटीवर एकेक गाडी. चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. गटात पहिला येईल तो सेमीला, सेमीतला पहिला फायनलला. गाडी म्हणजे दोन चाकं, एक दांडी, जू, आणि ड्रायव्हरला टेकायला जेमतेम जागा. खिल्लार बैल सुटताना त्याच्या वेसणीला धरलेली माणसं बाजूला उडी मारतात. एक जरी क्षणभर उशिरा सुटला की गाडी तिरकी होते, शेजारच्या फाटीत घुसते, चाकात चाक अडकतं. हा पहिला धोका. दुसरा शेवटी. निशाणापाशी गर्दी उभी असते आणि भरात आलेली जोडी तिथं थांबत नाही. बैल पळवण्यापेक्षा थांबवणं अवघड, हे तात्याचं आवडतं वाक्य आहे. हेच तो एसटीबद्दलही म्हणतो.

2005 च्या पौषात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत तात्यानं एक आदत खोंड घेतला. आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला. त्याचं नाव सर्जा ठेवलं. त्यासाठी काकीचं गंठण सोसायटीत गेलं. हे मला माहीत होतं, कारण गंठण सुटून येईपर्यंतची दोन वर्षं काकी लग्नकार्यात पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसायची, आणि का, ते आम्ही पोरं विचारायचो.

सर्जा पळाला. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या मैदानात तो सेमीपर्यंत गेला, तेव्हा तात्यानं आम्हा पोरांना खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. म्हसवडच्या बाजूला, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, जिथं जत्रा तिथं तात्या. रजा टाकून जायचा. एकदा डाव्या खांद्याचं हाड मोडलं, एकदा तीन फासळ्या, एकदा गुडघा असा फिरला की दीड महिना घरी. एसटीच्या चालकाला ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी असते. गुडघा कायमचा गेला असता तर स्टिअरिंग गेलं असतं आणि स्टिअरिंग गेलं तर घर. काकीला ते माहीत होतं. हाड जुळलं की तात्या पुन्हा पुढच्या जत्रेची तारीख विचारायचा.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. एका मैदानानंतर सर्जाला धुवायला ओढ्यावर नेलं होतं. शेपटीच्या बुडाशी मागच्या बाजूला बारीक बारीक लाल ठिपके होते. मला वाटलं गोमाश्या चावल्या. घरी आल्यावर तात्यानं शर्ट खुंटीला लावला आणि मी चिंचगोळीसाठी चार आणे मिळतील म्हणून खिशात हात घातला. खिळा निघाला. लाकडाच्या छोट्या मुठीत ठोकलेला, टोकाला घासून धारदार केलेला. मुठीत सहज लपेल असा.

मी तो परत खिशात ठेवला. कुणाला बोललो नाही. तात्या माझा हिरो होता.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यतीही बंद झाल्या. निकालात म्हटलं होतं की बैलाची शरीररचना अशा पळण्यासाठी नाही. त्याला पळायला भाग पाडलं जातं. गावात निषेधाच्या सभा झाल्या, रस्ते अडवले गेले. मी बारावी संपवून सीईटी देत होतो. वर्तमानपत्रात निकालाचा जो सारांश आला होता त्यात शेपटी पिरगाळणं, टोचणी, चाबूक असे शब्द होते. ते वाचताना मला शहरातल्या कुणीतरी आपल्यावर केलेला आरोप आठवला नाही. तात्याचा खुंटीवरचा शर्ट आठवला.

सात वर्षं मैदानं बंद राहिली. 2017 मध्ये विधिमंडळानं कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयानं परवानगी द्यायला मनाई केली. अनेकांनी बैल बाजारात काढले. शर्यतीच्या खोंडाला नांगराची सवय नसते आणि आमच्या भागात नांगर तर केव्हाच ट्रॅक्टरला जोडलेला. मग त्या बाजारातून बैल कुठं जायचे ते सगळ्यांना कळत होतं. तात्यानं सर्जा विकला नाही. पाच वर्षं त्याला दावणीला बांधून कडबा, सरकी पेंड, भरडा घातला. 2018 च्या टंचाईत चारा विकत आणून घातला. सर्जा 2019 मध्ये म्हातारा होऊन गेला. शेताच्या कडेला खड्डा घेऊन, अंगावर झूल टाकून त्याला पुरला. तात्या तेरा दिवस दाढी करायचा थांबला होता, असं आई सांगते. मी तेव्हा पुण्यात होतो.

ऑगस्ट 2021 मध्ये आमच्यापासून जवळच, आटपाडी तालुक्यातल्या झरे इथं आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी झुगारून शर्यत भरवली. पोलीस बंदोबस्त, उखडलेले रस्ते, टीव्हीच्या गाड्या. तात्या गेला नाही. "कायदा मोडून हौस करायची न्हाय. आप्पांनी बंदूक जमा केलीच की," म्हणाला. आणि मग चार महिन्यांनी तो धापा टाकत गच्चीवर आला.

परवानगी मिळाली तशी कागदं सुरू झाली. जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, अनामत रक्कम, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, धावेचं अंतर जास्तीत जास्त 1000 मीटर, काठी-चाबूक-टोचणी काही चालणार नाही. गावच्या जत्रेतल्या मैदानासाठी हे सगळं भरायला यात्रा कमिटीनं मला धरलं, काँप्युटरवाला मीच. एका संध्याकाळी काकी गच्चीवर आली. ती सहसा वर येत नाही.

"कागदात वयाची अट न्हाय का रं?"

"बैलाच्या?"

"मानसाच्या."

तात्या पन्नास वर्षांचा झाला होता आणि त्यानं गावात सांगून टाकलं होतं की या जत्रेला एकदा बसणार आणि मग कायमचा उतरणार. काकीला वाटत होतं की मी कागदात काहीतरी खोट काढावी. मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

त्याच दिवसांत, 9 एप्रिलला, रात्री पावणेदहाला मी आणि तात्यानं लॅपटॉपवर इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल बघितली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं लिंक पाठवली होती. चाळीस घोडे, तीस अडथळे, जवळजवळ सात किलोमीटर. तात्या पहिल्यांदा तसली शर्यत बघत होता. मी त्याला वाचून वाचून सांगत होतो. उड्यांच्या शर्यतीचा उगम 1752 मध्ये आयर्लंडात झाल्याचं सांगतात. ब्लेक आणि ओकॅलहन अशा दोघांनी पैज लावली, एका गावच्या चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या गावच्या शिखरापर्यंत, मधली कुंपणं, चर, ओढे जे येईल ते ओलांडून. पुढं कोल्ह्याच्या शिकारीला जाणारे लोक शिकारीचेच घोडे घेऊन अशा शर्यती भरवू लागले. बापानं शिकारीला घोडा घालायचा आणि पोरानं शर्यतीला, अशी घराणीच्या घराणी. 2005 पासून इंग्लंडमध्ये कुत्री घालून कोल्हा मारायला कायद्यानं बंदी आली, पण त्या हौशी शर्यती चालूच राहिल्या.

"म्हंजे आपल्यावानीच," तात्या म्हणाला. "शिकार गेली, पळनं राह्यलं."

त्या वर्षी नॅशनल जिंकली ती सॅम वेली-कोहेन नावाच्या हौशी जॉकीनं. वय एकोणचाळीस, चाळिशीला सहा दिवस कमी. दातांच्या दवाखान्यांचा धंदा. शर्यतीआधीच त्यानं जाहीर केलं होतं की ही शेवटची. घोडा नोबल येट्स, भाव पन्नासास एक. हौशी जॉकी नॅशनल जिंकला त्याला बत्तीस वर्षं झाली होती. तिकडच्या यादीत हौशी स्वाराच्या नावाआधी 'मिस्टर' लावतात, धंदेवाईकाच्या नावाआधी नाही, हे मी सांगितलं तेव्हा तात्याला फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःला मिस्टर म्हणवून घेऊ लागला.

दुसऱ्या दिवशी पुढची बातमीही वाचली. जिंकताना चाबूक नियमापेक्षा जास्त वापरला म्हणून त्या सॅमवर नऊ दिवसांची बंदी आली होती, दंडही झाला होता. आणि त्या शर्यतीत पळालेल्या दोन घोड्यांचा जीव गेला. हे मी तात्याला वाचून दाखवायचं की नाही, यावर जरा अडखळलो. मग दाखवलं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या येळंला तू खिशात हात घातला हुतास. मला ठाव हाय."

चौदा वर्षं त्याला माहीत होतं. मी काहीच बोललो नाही.

"पैशासाठी न्हाय टोचलं," तो म्हणाला. "पैशासाठी असतं तर सोपं हुतं. मला फकस्त पुढं असायचं हुतं. आप्पा कुत्र्याला कधी हात लावायचं न्हाईत. ससा दिसला की कुत्रं आपलं आपन जातंय. बैलाम्होरं काय हाय? बैलाम्होरं कायबी न्हाय. त्यो माझ्यासाठी पळतुय."

एखाद्या वकिलानं न्यायालयात मांडला नसेल इतका सरळ युक्तिवाद त्यानं स्वतःविरुद्ध केला होता. मी विचारलं, मग आता का बसायचंय? तो म्हणाला, "एकदा न टोचता बघायचंय. कितीत येतूय ते."

जत्रेच्या दिवशी तो दुसऱ्याच्या जोडीवर बसला, अर्थात फुकट. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी बैल तपासले. ड्रायव्हरचे खिसे कुणी तपासले नाहीत. तात्या मात्र शर्ट काढून माझ्याकडं देऊन बंडीवर गेला. आठशे-नऊशे मीटरच्या फाटीच्या दुसऱ्या टोकाला मी उभा होतो. धुरळ्यात मला तो ओळखू आला तो त्याच्या आरोळीवरून. त्याच्या गटात तो तिसरा आला. गट पास झाला नाही. समालोचकानं त्याचं नाव घेतलं, जुना गडी म्हणाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढचा गट पुकारला गेला. बैल थांबवताना मात्र त्यानं ते गर्दीच्या पन्नास पावलं अलीकडं उभे केले. त्या दिवशी तसं दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

काकी मैदानात आली नव्हती. आमच्याकडं बायका येत नाहीत. ती देवळाच्या मागं नैवेद्याच्या रांगेत उभी होती. तात्या धडधाकट चालत आला तेव्हा तिनं फक्त विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं."

त्या पावसाळ्यात मी पुण्याला परतलो. निघायच्या आधी काकीनं मला तीन वह्या दिल्या. बैल घेतल्यापासूनचा खर्च तिनं टिपून ठेवला होता. पेंड, कडबा, डॉक्टर, नाल, टेम्पोचं भाडं, तात्याचं प्लास्टर, गंठणाचं व्याज. "तुमच्या त्या एक्सेलमधी घाल. मला बेरीज बघायचीय," म्हणाली. मी घातली. दुसऱ्या बाजूला मिळकत होती : अकरा ढाली, एक सायकल, दोन मिक्सर, फेटे. बेरजेचा आकडा मी इथं लिहीत नाही. आमच्या घराला दोन खोल्या वाढल्या असत्या एवढा तो होता. मी तिला आकडा सांगितला. ती म्हणाली, "ह्यात माझं जागरन धरलंस का?"

हौसेला मोल नसतं, असं आपण कौतुकानं म्हणतो. हौशी माणूस पैसे घेत नाही म्हणून तो धंदेवाईकापेक्षा चोख, हे मी लहानपणापासून धरून चाललो होतो. त्या नावाआधीच्या 'मिस्टर'मध्येही तोच मान आहे. पण तात्यानं पैसे घेतले नाहीत याचा अर्थ कुणी पैसे दिले नाहीत असा होत नाही. दिले, ज्यांनी हौस केली नव्हती त्यांनी दिले. आता मैदानात बक्षिसाला थार गाडी असते, बैलांचे व्यवहार लाखांत होतात, ड्रोन आणि कॅमेरे लावून निकाल देतात. जुने लोक म्हणतात, हौस राहिली नाही, सगळा धंदा झाला. मला वाईट वाटतं, पण पूर्वीइतकं नाही. धंद्यात निदान हिशेब उघड असतो आणि कॅमेऱ्यात मूठ दिसते.

मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. आता शर्यती चालू राहणार. तात्या आजूबाजूच्या मैदानांत झेंडा पंच म्हणून उभा राहतो. जोड्या सोडण्याआधी तो प्रत्येक ड्रायव्हरला दोन्ही हात उघडे करून दाखवायला लावतो. पोरं हसतात, म्हातारा खुळावलाय म्हणतात, पण दाखवतात.

ती एक्सेल फाइल अजून माझ्याकडं आहे. काकीच्या सांगण्यावरून एक रकाना वाढवला आणि जागरणाच्या रात्री मोजून भरल्या; मुक्कामाच्या जत्रा, दवाखान्यातले दिवस, सगळं तिला तारखांसकट पाठ होतं. त्याच्या शेजारी मी माझ्या मनानं आणखी एक रकाना केला आणि वर 'सर्जा' असं लिहिलं. त्याखाली काय भरायचं, ते तात्याला एकदा विचारायचं आहे. दर दिवाळीला ठरवतो. अजून विचारलेलं नाही.